सात मुठींचं दुपटं

वऱ्हाडात जाऊन आलेला माणूस ओळखायचा असेल, तर त्याची पगडी उतरवून डोकं बघावं. मला परत येऊन बरेच दिवस झाले, तरी परवा न्हाव्याने माझ्या कानामागून कापसाचा एक बारीकसा पुंजका काढून दाखवला. म्हणाला, "रेशमावर पोट भरता आणि कापूस साठवून ठेवता होय?" त्याचं हसणं थांबेना. तेव्हाच ठरवलं, की ज्यांना तिकडे जायचं कधी कारण पडलं नाही अशा आमच्या येवल्याच्या मंडळींसाठी हे चार शब्द लिहून ठेवावेत.

मी जातो कशाला त्या मुलखात? आमचा माग रेशमाचा, आमचं गिऱ्हाईक पुण्याचं. पण माझी धाकटी बहीण ठकू दर्यापूरच्या अलीकडे, पूर्णेकाठच्या एका गावी दिलेली आहे. तिला सातवा लागला होता आणि बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. मागच्या खेपेला आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिला आणता आलं नाही. मूल तिकडेच झालं आणि बारशाआधीच गेलं. आमच्यापर्यंत निरोप आला तो तेवढाच. तेव्हापासून आईने मनाला लावून घेतलं होतं. मी निघालो तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "पोरीला घेऊनच ये. रिकामी गाडी माझ्या दारात आणू नकोस."

अकोला

आगीनगाडीविषयी मी काही लिहीत नाही. ज्याला धूर आणि कोळशाचे कण खायची हौस असेल, त्याने मनमाडास जाऊन ती फेडून घ्यावी.

अकोल्याला उतरलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. माघाचं धुकं मोर्णा नदीवरून उठून गावात शिरलेलं होतं. त्या धुक्यात पुढे काहीतरी पांढरं, उंच दिसे. जवळ जावं तो कापूस. त्याच्यामागे आणखी पांढरं दिसे, तोही कापूस. धुकं कुठे संपलं आणि कापूस कुठे सुरू झाला ते कळेना. गाड्यांची रांग इतकी लांब, की तिचा शेवट मला शेवटपर्यंत दिसला नाही. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आहे, म्हणून विलायतेने वऱ्हाडापुढे पदर पसरला आहे, असं तिथला जो तो सांगत होता. सांगताना मिशीला पीळ देत होता.

पुढची वाट बैलगाडीची. गाडी जुंपायला अवकाश होता, म्हणून मी एका ढिगाच्या उबेला जरा टेकलो. कापसाची ऊब फार लबाड असते. डोळा कधी लागला ते समजलं नाही, आणि जाग आली ती चार माणसं मला पायाला धरून ओढत होती तेव्हा. ढीग वरून ढासळून मी गळ्यापर्यंत बुडालो होतो.

"ओ पाव्हणे!" त्यातला एक म्हणाला. "उठा बाप्पा! बोज्यात भरले गेले तं थेट विलायतेले जासान!"

हाच माझा गाडीवान निघाला. गोविंदा त्याचं नाव, वयाने माझ्या वडलांएवढा, आणि बोलण्यात खंड म्हणून नाही. तिकडची भाषा आपल्या कानाला आधी भांडणासारखी वाटते. "काहून झोपले होते?" असं तो विचारी तेव्हा मला वाटे, आता हा मारतो की काय. दोन कोस गेल्यावर कळलं, की ती त्याची माया आहे.

अमरावतीची वाट

ही वाट मला अजूनही झोपेत दिसते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, भेगाळलेली, दूरवर सपाट. आमच्याकडे चार पावलं गेलं की एखादी टेकडी आडवी येते. इथे नजरेला अडवायला काही नाही. वाटेच्या कडेला बाभळी. पुढे गेलेल्या शेकडो गाड्यांमधला कापूस त्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहिलेला. पान दिसत नव्हतं, सगळं झाडच पांढरं झालेलं. वारा आला की पुंजके सुटत, हळूहळू गाडीत येत, बैलांच्या पाठीवर बसत. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या आणि मला झोप येत होती, जात होती, पुन्हा येत होती. जागेपणी आणि झोपेत मी एकच गोष्ट बघत होतो.

एकदा मी गोविंदाला विचारलं, "हा झाडावरचा कापूस कुणाचा?"

"पाखराईचा," तो म्हणाला. "खोपे करतात न. यंदा पाखरंही शेठ झाले."

ठकूच्या गावाची वाट जरा वाकडी केली होती ती यासाठी, की अमरावतीच्या परकोटाच्या आत एका कापडवाल्या शेठजींकडे एक पैठणी पोचवायची होती. गिऱ्हाईक कोण, तर एक कुणबीण, जिने जन्मात रेशीम अंगाला लावलेलं नव्हतं. नवऱ्याने बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली तेव्हा ती म्हणाली म्हणे, "बैलाले चांदी अन मले जाडंभरडं?" बाई मला आवडली. शेठजींनी आग्रह करून जेवायला ठेवून घेतलं. पुरणपोळी तुपात बुडवून खायची इथली रीत आहे. आमच्याकडे पोळीवर तूप वाढतात, इथे तुपावर पोळी वाढतात एवढाच फरक.

त्यांच्या दुकानात विलायती कापडाचे तागे रचलेले होते. मी हात फिरवून पाहिला. इतकं गुळगुळीत, की बोट कुठे थांबेच ना. शेठजी म्हणाले, "आपलाच कापूस, येवलेकर. बोटीत बसून गेला, आंघोळ करून आला." कापड चांगलं होतं, नाही म्हणायचं कारण नाही. पण विणकराचं बोट कापडावर काहीतरी शोधत असतं, आणि तिथे शोधायला काही नव्हतं.

पूर्णेकाठी

ठकूच्या गावी पोहोचलो तो तिसरा प्रहर. दारात तिची सासू भागीरथीबाई सूप घेऊन बसलेली. गावात तिला भागाबाई म्हणतात. उंच, हाडापेराने मोठी, आणि आवाज असा, की ती घरात बोलली तर वेशीवर ऐकू यावं.

"आले काय येवलेकर! या बाप्पा, बसा. पाणी घ्या."

घोटभर पाणी प्यालो आणि माझं तोंड वाकडं झालं. त्या पट्ट्यातल्या विहिरी खारट आहेत. त्या पाण्यात डाळ शिजायला अर्धा दिवस लागतो आणि तरी दाताखाली येते.

"चार दिस प्याल, मंग गोडं पाणी मिळमिळीत लागन तुमाले," भागाबाई म्हणाली.

ठकू आतून आली. पोट दिसत होतं, तोंड भरलं होतं, रंगही उजळला होता. पण ती माझ्याकडे बघून हसली ते हसू ओठांपुरतंच होतं. लहानपणी ही पोर हसली की माग थांबवून आमचे वडील हसायचे. मी म्हटलं, "ठके, परवा निघायचं. आईने वाट पाहून डोळ्यांच्या वाती केल्यात." तिने सासूकडे पाहिलं. सासूने मागाकडे पाहिलं.

ओसरीवर खड्ड्याचा माग होता आणि मागावर एक अर्धवट कापड. मी जवळ जाऊन बघितलं आणि मला हसूच आलं. ताणा सरळ होता, पण बाणा म्हणजे आडवं सूत असं, की एक धागा दोरीएवढा जाड, त्याच्या शेजारचा केसाएवढा बारीक, मध्येच गाठीसारखा फुगा, पुन्हा बारीक. आमच्याकडे शिकाऊ पोरानेही असं कापड विणलं तर त्याला मागावरून उठवतील.

"हे काय, नारायणराव झोपेत विणतात काय?" मी विचारलं. नारायण म्हणजे ठकूचा नवरा.

ठकू हसली नाही. भागाबाई मात्र सूप खाली ठेवून नीट सांगायला बसली. तिकडे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया शेतात सीतादईची पूजा करतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सात खडे मांडायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. "त्या दिशीच्या सात मुठी घरात येतात. ते इकाच्या नाईत," भागाबाई म्हणाली. त्या कापसाला पिंजाऱ्याची तात लागत नाही, सरकी काढायचा लाकडी रेचाही लागत नाही. घरच्या बायांनी बोटांनी सरकी काढायची, बोटांनीच मोकळा करायचा आणि चरख्यावर कातायचा. म्हणून ते सूत असं जाडं-बारीक निघतं. घरात बाळ येणार असलं की त्या सुताचं दुपटं होतं, आणि दुपटं मागावर अर्धं असताना गर्भारीण शीव ओलांडत नाही.

"मग पूर्ण का नाही झालं?"

"नारायण गाडी घेऊन गेला न कापसाची. सारे कोष्टी गाड्या हाकून राहिले यंदा. माग कोन चालवते?" मग आवाज पहिल्यांदाच खाली आणून ती म्हणाली, "मागच्या साली त्या सात मुठीही मीनंच देऊन टाकल्या बोज्यात. म्हणलं, भाव हाय, पुढच्या साली दुप्पट ठेवू. दुपटं झालं नाई. अन मंग..."

तिने सूप पुन्हा हातात घेतलं. ठकू उठून आत गेली. या घरात त्या गेलेल्या बाळाविषयी कुणी बोलत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

नारायण कधी येईल याचा पत्ता नव्हता. सातवा महिना काही कुणासाठी थांबत नाही, आणि आठव्यात गचके खात गाडीतून नेणं म्हणजे जिवाशी खेळ. मी अंगरखा काढून खुंटीला लावला आणि म्हणालो, "आत्याबाई, मीही कोष्ट्याचाच मुलगा आहे. मी विणतो."

भागाबाईने माझ्या हातांकडे पाहिलं. "घरचाच हात लागते त्याले."

"मामा आहे तो बाळाचा," आतून ठकूचा आवाज आला. "लागू द्या त्याचा हात."

माग

पहिल्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली. धोटा टाकावा, फणी ओढावी, की फुगा ताण्यात अडकलाच, आणि ताण्याचे दोन धागे तटकन तुटलेच. सांधत बसावं. पुन्हा तेच. भागाबाई ज्वारी पाखडता पाखडता बघत होती.

"मारून राहिले तुमी त्याले, भाऊ. गोंजारा जरासक."

जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात. एवढं जेवण झाल्यावर माणसाचा राग राहत नाही. परत मागावर बसलो ते घाई सोडून.

मग कधीतरी हात लागला. रेशमाचा माग एका ठेक्यात चालतो. डोळे मिटून विणलं तरी चालतं. हे सूत तसं नव्हतं. जाड आलं की थांबायचं, बारीक आलं की जवळ घ्यायचं. ठेका दर घडीला बदलायचा. ओसरीत ऊन तिरकं येई, त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत, खाली यायचं नावच घेत नसत. कुठेतरी लांब चरखा घरघरे. नदीकडून गुरं परत येत. मला वाटे, मी विणत नाही, कुणाचं तरी बोलणं ऐकतो आहे, आणि ते थांबत थांबत सांगतं आहे.

धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या ज्या क्रमाने सूत कातलं त्याच क्रमाने भरून टोपलीत ठेवलेल्या होत्या. आधीचं जाडजूड, दणकट सूत भागाबाईचं, ते बरंचसं नारायणने आणि उरलेलं मी विणून संपवलं होतं. आता माझ्या हाताखाली ठकूचं सूत आलं. ते मी लगेच ओळखलं. ही पोर आमच्याकडे रेशीम उकलायची तेव्हा तिच्या हाताला कधी गाठ लागत नसे. सुरुवातीचे धागे तसेच होते, बोटांनी मोकळ्या केलेल्या कापसाचे असूनही सरळ. मग एकाएकी ते बिघडलं. वीतभर बारीक, मग एक मोठा फुगा, मग तुटल्यासारखं, पुन्हा जोडलेलं, पुन्हा फुगा. एक कांडी संपली, दुसरी घेतली, तीही तशीच.

ठकू माझ्याशेजारी बसून कांड्या देत होती. मी चेष्टेत म्हणालो, "ठके, खारं पाणी पिऊन हात बिघडला की गं!" आणि आमच्या सवयीने एक मोठा फुगा नखाने खुडायला गेलो. तिने माझा हात धरला.

"राहू दे, दादा."

"अगं, खुपेल बाळाला."

"कार्तिकातलं सूत आहे ते," ती म्हणाली. "तिला जाऊन वर्ष झालं तेव्हाचं. चरखा फिरवायचे आणि ध्यान जायचं. हात ओढायचा थांबला की सूत जाड होतं. मग भान आलं की मी घाईने ओढायचे, की ते तुटायला यायचं." तिने तो फुगा बोटाने चेपला. मग म्हणाली, "तिच्या डाव्या कानावर लव होती, दादा. इतकी दाट. आत्याबाई म्हणायच्या, जाईल ती न्हाऊ घालता घालता."

मी नख मागे घेतलं. मी मोठा भाऊ. निरोप आला त्या दिवशी मी पदराची वेल पुरी करत होतो आणि ती पुरी केलीच. आज माझ्या बोटांखालून तिचा सगळा कार्तिक चालला होता, एकेक फुगा, एकेक बारीक धागा. मी फणी अलगद ओढली. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण हात मोकळा नव्हता. ठकू एकेक कांडी देत राहिली आणि एकेक गोष्ट सांगत राहिली. भागाबाईचं पाखडणं केव्हाच थांबलं होतं. ती पाठमोरी बसून ऐकत होती.

दुपटं मागावरून उतरलं तेव्हा भागाबाईने ते गालाला लावून पाहिलं. खडबडीत, पण ऊबदार. मी रेशमात वाढलेला माणूस, मला ते अमरावतीच्या तागांपेक्षा बरं वाटलं. असं येवल्यात बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

धुरा

पुढे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको, म्हणून आधीच सांगतो, की ठकू सुखरूप बाळंत झाली. मुलगा आहे, आणि या घडीला पलीकडच्या खोलीत त्याने घर डोक्यावर घेतलं आहे. पण निघायच्या त्या सकाळी मी रिकाम्या गाडीनेच परततो की काय, अशी वेळ आली होती.

गोविंदाने गाडी जुंपली. भागाबाई शिवेपर्यंत पोचवायला निघाली, डोक्यावर आमच्या शिदोरीचं गाठोडं घेऊन. दुपटं ठकूच्या मांडीवर घडी करून ठेवलेलं. धुकं इतकं, की बैलांची शिंगं दिसत आणि बैल दिसत नसत. त्यांच्या शेताजवळ आलो तशी ठकू म्हणाली, "थांबवा." आणि कुणी हात द्यायच्या आत खाली उतरली. धुऱ्यावर एक बोरीचं झाड होतं. ती जाऊन त्याच्याखाली बसली.

"मी नाही येत, दादा."

"आता काय राहिलं? दुपटं झालं ना?"

"दुपटं झालं." तिने जमिनीवर हात ठेवला. तेव्हा मला समजलं, की मूल तिथे, त्या बोरीखाली ठेवलेलं आहे. "मी रोज येते इथे. मी गेले तर हिच्याजवळ कोण? हिला तर नावसुद्धा नाही. कुणी हाक मारीन म्हटलं तरी काय म्हणून मारील?"

मी समजूत घालायला लागलो. आईचं सांगितलं, वाटेचं सांगितलं, आठव्या महिन्याचं सांगितलं. ती ऐकत होती आणि हलत नव्हती. गोविंदा बैलांच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिला.

भागाबाईने गाठोडं खाली उतरवलं आणि ती सुनेसमोर काळ्या ढेकळांत बसली.

"नाव हाय तिले," ती म्हणाली.

ठकूने वर पाहिलं.

"मीनं ठेवलं होतं मनात. बारस्याले कानात सांगन म्हणलं होतं, तं बारसं झालंच नाई. मंग कोनाले सांगू? तुह्यासमोर काढाची छातीच होये ना मायी." तिचा तो मोठा आवाज फाटला. "गोदा. तुह्या माहेरच्या नदीचं. तू दूरच्या गावाहून आली, म्हणलं तुले या घरात तुह्यं काईतरी असू दे. गोदा नाव हाय तिचं. हे आता येईन त्याले देजो नको, पोरगी झाली तरी. ते तिचं हाय."

ठकूने ते नाव एकदा म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. मग सासूच्या गळ्यात पडून ती मोठ्याने रडली. वर्षभराचं ते रडणं होतं, आणि मी मध्ये पडलो नाही.

"मी हाय न अठी," भागाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "रोज येईन. हाक मारीन. तू जाय, तिच्या भावाले घेऊन ये."

ठकू गाडीत बसली. मी दुपटं तिच्या पायांवर पसरलं. गोविंदाने बैलांना नुसतं हाताने हाकललं. थोडं पुढे गेल्यावर मागे वळून पाहिलं तर धुक्यात ना बोर दिसे, ना बाई. फक्त आवाज आला. दुपारी शेतात खेळणाऱ्या पोरीला आई जेवायला बोलावते तसा, सरळ, जरा रागावल्यासारखा.

"गोदेऽऽ! ये व माय! भाकर खाऊन घे!"

ठकूने माझा हात घट्ट धरला.

"आत्याबाईंचा आवाज लांब जातो, नाही रे दादा?"

"जातो," मी म्हणालो.

शीव ओलांडेपर्यंत तो आम्हाला ऐकू येत होता.